शंभरातले आठ

२ फेब्रुवारी

आज एकदाची रुजू झाले. दादा सोडायला आला आणि फाटकातच रखवालदाराला सांगून मोकळा झाला की ही माझी धाकटी बहीण, हिला फिजिक्स येतं पण चहा येत नाही. मी त्याला कोपरखळी मारली. घशाच्या कॅन्सरचं निदान होऊन महिना झाला नाही, तरी याची बडबड चालूच. वहिनी म्हणते, आवाज बसला पण तोंड काही बसलं नाही. जन्मभर लांब पल्ल्याच्या बस चालवल्या आणि पन्नास प्रवाशांना गप्पांनी जागं ठेवलं, तो माणूस आता गप्प बसणार कुठून! गाठ लहान आहे, वेळेत सापडली आहे. किरणोपचार याच हॉस्पिटलात व्हायचे आहेत आणि मलाही नेमकी इथेच नोकरी मिळाली. मुक्कामही दादाकडेच. आणखी काय हवं?

आमची खोली तळघरात. खिडकी नाही, चार टेबलं, एक कुरकुरणारी खुर्ची, ती अर्थातच माझी. काम तेच, जे मला डोळे मिटून येतं. रुग्णाच्या स्कॅनवर गाठ कुठे, निरोगी अवयव कुठे, ते एकेक चकती घेऊन रेखाटायचं आणि किरण कोणत्या बाजूने किती सोडायचे याचा आराखडा बांधायचा. सीनियरला सगळे मिलिमीटर म्हणतात. चहात साखर घालताना तो चमच्यावरचा उंचवटा बोटाने सपाट करतो, तेव्हा नाव कसं पडलं ते विचारायची गरज उरली नाही. विभागप्रमुख डॉक्टर म्हणजे मॅडम. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. पण त्या आल्या की सगळ्यांच्या पाठी सरळ होतात.

आणि ‘अंदाज’. हे इथलंच, घरी बनवलेलं सॉफ्टवेअर. आपण आराखडा दिला की ते शरीराचा हिशेब करतं. पेशी किती मरतील, किती सावरतील, आणि शेवटी दोन आकडे. गाठ मरायची शक्यता किती आणि चांगल्या अवयवाची वाट लागायची शक्यता किती. असली सॉफ्टवेअरं मी पाहिली आहेत. ती साधारण खरं बोलतात. इथलं म्हणे चुकतच नाही. भिंतीवर मोठा आलेख लावलाय, आडवा अंदाज, उभं प्रत्यक्षात काय झालं ते. मधल्या तिरक्या रेषेवर सगळे ठिपके ओळीने, दोऱ्यात मणी ओवावेत तसे. मी तोंड भरून कौतुक केलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. लाजाळू मंडळी दिसतात.

५ फेब्रुवारी

आज चहाच्या वेळी सांगितलं की माझ्या भावाचे उपचार इथेच करायचे आहेत. खोलीत एकदम उत्साह आला. मॅडमनी स्वतः तारीख काढून दिली, दाताच्या डॉक्टरला फोन केला. घशावर किरण द्यायचे तर खराब दाढा आधी काढाव्या लागतात आणि जखम भरेपर्यंत थांबावं लागतं. माझ्या भावाची एवढी काळजी पाहून मला भरून आलं. मिलिमीटर तेवढा आपल्या बुटांकडे बघत बसला होता. त्याला म्हटलं, आता तुम्हीच माझ्यावर लक्ष ठेवा. तो उठून बाहेर गेला. माणूसघाणा आहे.

११ फेब्रुवारी

इथले घशाचे आराखडे पाहून माझा जीव कासावीस झाला. वाईट नाहीत, पण सढळ हाताने केलेले. गिळायच्या स्नायूंवर विनाकारण किरण सांडतात. स्नायू फार भाजले तर माणसाचं गिळणं बंद पडतं आणि पोटात नळी घालून जेवण द्यावं लागतं, जन्मभर. इथे घशाच्या रुग्णांचे शंभराचे गट करतात आणि या गटाला ‘अंदाज’ने नळीचा आकडा दिलाय आठ. म्हणजे शंभरातल्या आठ जणांना.

सध्या उपचार चालू असलेले पाच जण आहेत. एक शाळेतली बाई, एक न्हावी, बाकीचे तिघे अजून नीट ओळखीचे नाहीत. त्या पाचही जणांचे आराखडे मी रोज थोडे थोडे करून सुधारले आणि मॅडमच्या सह्या घेतल्या. सह्यांच्या गठ्ठ्यात त्या वाचत नाहीत. ‘अंदाज’ पुन्हा चालवला नाही. एकेकाला तासभर लागतो, आणि मी सुधारणाच तर केली होती. आराखडा चांगला झाला तर आकडा वाढणार थोडाच?

शाळेतल्या बाईंनी आज मला मुद्दाम बोलावून सांगितलं की परवापासून घोट कमी दुखतो. मी दिवसभर हवेत.

२० फेब्रुवारी

दादाचा मुखवटा झाला. गरम जाळी चेहऱ्यावर दाबून साचा घेतात. रोज तो घालून टेबलाला खिळे ठोकल्यासारखं अडकवतात, म्हणजे डोकं हलत नाही. साचा वाळताना त्याला बोलायला बंदी होती. वहिनी म्हणाली, लग्नाला एकवीस वर्षं झाली, एवढी शांतता पहिल्यांदाच.

आराखडा मी केला. आयुष्यात इतकं सुबक काम केलं नसेल. ‘अंदाज’ने गाठ मरायची शक्यता एक्क्याण्णव दिली. नळीची आठ. मी खूप घासून पाहिलं, आठाचे सात होईनात. मिलिमीटर मागे उभा होता. तो म्हणाला, हा शंभरावा. मी विचारलं, कसला? तर गटातला शंभरावा, दादा आला म्हणून गट पूर्ण झाला. म्हटलं, मग पेढे द्यायला हवेत. तो हसला नाही.

२८ फेब्रुवारी

आज मिळवणी होती. महिन्याअखेरीला सगळे आलेखासमोर बसतात आणि ‘अंदाज’ने सांगितलेलं प्रत्यक्षाशी ताडून बघतात. या गटात आतापर्यंत नळी लागलेले सात. माझे पाचही जण या वेळेपर्यंत कण्हायला हवे होते, ते मजेत जेवताहेत. घशाचा ठिपका रेषेच्या खाली उतरला होता. पडद्यावर तो एकटाच रेषेबाहेर.

मी चक्क टाळी वाजवली. मग सांगितलं सगळं, कुठे काय सुधारलं ते, वर हेही की ‘अंदाज’ पुन्हा चालवायचा राहिला. मला वाटलं, पाठ थोपटतील.

मॅडमनी शांतपणे विचारलं, मिळवणीच्या आधी का नाही चालवला? म्हटलं, आता चालवते. त्या म्हणाल्या, मिळवणी झाली, आता आकडा हलत नाही. आठ म्हणजे आठ. मग सगळे उठले. माझ्या टेबलाला वळसा घालून गेले.

३ मार्च

माझी खुर्ची गेली. कुरकुरणारी का होईना, होती. विचारलं तर कुणाला माहीत नाही. चहाच्या किटलीजवळ मी गेले की किटली रिकामी असते. नर्सने माझ्या हातातली फाइल काढून घेतली, हिसकावूनच जवळजवळ. उभं राहून काम केलं. चांगलं काम केल्याची ही शिक्षा असेल तर खुशाल द्या. माझंही नाक काही कमी उंच नाही.

दादाचे उपचार चालू आहेत. छान जेवतो. काल दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

६ मार्च

मिलिमीटरला जिन्यात गाठलं. आधी टाळाटाळ केली. मग पायरीवर बसला आणि खाली मान घालून बोलला.

खऱ्या आयुष्यातले ठिपके रेषेवर बसत नाहीत, हे मला कळत होतं की नाही, असं त्याने विचारलं. कळत होतं. शंभरात आठ सांगितले तर कधी पाच होतात, कधी अकरा. पहिल्याच दिवशी मला खटकायला हवं होतं आणि मी टाळ्या पिटत बसले.

तो म्हणाला, आम्ही काहीही करत नाही. सुरुवातीला वाटलं होतं की कुणीतरी मुद्दाम करतंय. मशीन तपासलं, आराखडे तपासले, एकमेकांवर पाळत ठेवली. कुणी नाही. ‘अंदाज’ सांगतो तेवढे होतात. कमी पडले की उरलेल्यांतून भरून निघतात. तुझ्या आधी तुझ्याच खुर्चीवर एक जण होता, त्यानेही असेच आराखडे सुधारले. मग गटातल्या शेवटच्या दोघांना एकाच आठवड्यात नळ्या. दोघांचे आराखडे अगदी निर्दोष होते. तेव्हापासून आम्ही ठरवलं की फार चांगलं करायचं नाही. बेताचं करायचं, म्हणजे आकडा आपसूक भरतो आणि उरलेले ब्याण्णव सुखाने जातात. मधे पडायचं नाही, एवढंच.

मी विचारलं, मॅडमच्या घरचं कुणी आजारी पडलं तर? तो म्हणाला, मॅडमच्या नवऱ्याचे उपचार दुसऱ्या शहरात झाले. माझ्या आईचेही. इथे कुणी आपलं माणूस आणत नाही.

मग मी दादाचं सांगितलं तेव्हा तुम्ही सगळे का गप्प बसलात?

तो म्हणाला, शंभरावा कुणीतरी लागणारच होता.

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याने चष्मा उचलून पुसला आणि खाली गेला.

७ मार्च

शक्य नाही हे. हे यंत्राला नवस बोलणारे लोक आहेत, भौतिकशास्त्रज्ञ कसले? संख्येला हात नसतात. योगायोग असेल, नाहीतर मिलिमीटर मला घाबरवतोय, मी सोडून जावं म्हणून.

पण सात झालेत. गट संपत आला आहे. उरलेत माझे पाच आणि दादा.

९ मार्च

दादाचा आराखडा पुन्हा बांधला. ‘अंदाज’ने काल संध्याकाळी नळीचा आकडा दिला तीन. घरी नाचत गेले. आज सकाळी उघडून पाहिला तर आठ. आराखडा तोच, रेघ इकडची तिकडे नाही. पुन्हा चालवला, तीन. पाणी पिऊन आले, आठ. पाठ फिरवली की आठ.

दुपारी मशीनवर दादाच्या जागी मापनाचा ठोकळा ठेवून त्याचाच आराखडा चालवला. तंतोतंत. जिथे जेवढे किरण हवेत तिथे तेवढेच. ठोकळ्याला काही होत नाही. ठोकळ्याला घसा नाही.

किल्लीवाला तंत्रज्ञ (मशीन सुरू करायची किल्ली त्याच्या गळ्यात असते) मला म्हणाला की पुढच्या वेळी परवानगीशिवाय खोलीत पाऊल टाकलं तर तक्रार करीन. काल-परवापर्यंत हा माणूस मला ताई म्हणत होता.

१२ मार्च

दादाला सांगितलं. इथून निघू, दुसरीकडे जाऊ. आधी तो हसला. म्हणाला, तुझा कॉम्प्युटर माझ्यावर जळतो. मग मी रडायला लागले तेव्हा गप्प झाला. दुसरीकडे नव्याने सगळं करायचं तर दोन-तीन आठवडे मोडतील आणि मधे खंड पडला तर गाठ पुन्हा डोकं वर काढते, हे मीच त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आकडाही बघितला होता मी. खंडाचे दिवस घातले की एक्क्याण्णवाचे सत्तर होतात, मग साठ. आणि तोही ‘अंदाज’चाच आकडा. तोही खराच होणार. इकडे आड, तिकडे विहीर.

वहिनी दाराआड ऐकत होती. ती माझ्यावर तुटून पडली. आजारी माणसाच्या मनात असलं विष कालवतेस, वर स्वतःला शिकलेली म्हणवतेस. नोकरीत पटत नाही त्याचा राग आमच्यावर काढू नकोस. मॅडमचा तिला फोन आला होता म्हणे. तुमच्या नणंदेला विश्रांतीची गरज आहे.

१३ मार्च

कामावरून परतले तर माझी बॅग दाराबाहेर होती. कपडे नीट घडी करून. वहिनीचं सगळं नीट असतं. दादा आतून काहीतरी म्हणत होता, आवाज बसलेला, कळलं नाही. दार उघडलं नाही.

परिचारिकांच्या वसतिगृहात एक खाट मिळाली. मी आत गेले की बोलणं थांबतं.

१६ मार्च

लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

शाळेतल्या बाईंना ठसका लागावा असं मला वाटतं. किंवा न्हाव्याला. त्या पाचांतल्या कुणालाही. एकाला नळी लागली की आठ पुरे होतील आणि दादा सुटेल. रोज सकाळी वॉर्डात जाऊन विचारते, बाईंनी पाणी प्यायलं का? नर्स सांगते प्यायलं, आणि माझा चेहरा पडतो. तिने तो पडताना पाहिलाय. आज ती म्हणाली, पुन्हा इथे आलीस तर हाकलून देईन.

बाईंनी मात्र हात हलवला. जेवत होत्या.

१७ मार्च

तिघांचे उपचार संपले, म्हणजे मोजणीतून सुटले. ठणठणीत. न्हाव्याने मला जाताना हात जोडले. माझ्या आराखड्यामुळे वाचला तो.

सात.

१८ मार्च

बाईंचे संपले. पाचव्याचेही. उरला एकटा दादा.

मॅडमकडे गेले. पाया पडले. त्याचे उपचार थांबवा म्हटलं, निदान दुसऱ्या मशीनवर घ्या. त्या म्हणाल्या, दुसऱ्या मशीनवरचे रुग्ण कुणाचे तरी भाऊ आहेतच. मग म्हणाल्या की तू हे सुरू केलंस. आम्ही वर्षानुवर्षं बेताने चालत आलो, तुला नंबर एक व्हायचं होतं. आवाज तोच, हळू.

दादाचे दोन दिवस राहिलेत. आज दुपारी बाकावर भेटला, वहिनी औषधं आणायला गेली होती. खिशातून बिस्किट काढून माझ्यासमोर खाल्लं. बघ, गिळलं, म्हणाला. घरी ये म्हणाला, तिचं मी बघतो.

१९ मार्च, सकाळी

आकडा बदलला.

आठ नाही. शंभर.

मिलिमीटरला दाखवला. त्याने बघितला. मॅडमनी बघितला. किल्लीवाला आला, त्याने बघितला. कुणी मला वेडी म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं. एकेक जण आपापल्या जागी जाऊन बसला. मिलिमीटरने भिंतीकडे तोंड केलं.

पळतेय. दादाची वेळ झाली

१९ मार्च

मशीनच्या खोलीच्या दारात बसले आहे. शिशाचं दार, हातभर जाड. ते पुरतं मिटल्याशिवाय किरण सुटतच नाहीत, कुठल्याच मशीनवर, जगात कुठेही. वीजच तुटते. मी उंबऱ्यावर बसले आहे आणि पाठ दाराला लावली आहे. आता हे मला हलवू शकत नाहीत.

पोचायला उशीर झाला. दादाला आधीच बांधलंय टेबलावर. मुखवट्यात. इथून त्याचे पाय दिसतात, मोजे दोन वेगळ्या रंगांचे. हाक मारली. त्याने बोटं हलवली. गंमत वाटतेय त्याला.

वही खिशात होती म्हणून लिहितेय. पुढे कुणीतरी म्हणेल की मी दारातून उठले होते. उठले नाही. हे लिहीत असताना मी दारातच आहे.

बाहेर सगळे उभे आहेत. लांब. कुणी ओढायला येत नाही. वहिनी ओरडतेय, तिला दोघींनी धरलंय. मॅडम भोंग्यावरून सांगताहेत की ऊठ, किरण तुझ्या अंगावर येतील. कसे येतील? दार उघडं आहे

किल्लीवाला दोन्ही हात वर करून दाखवतोय. किल्ली त्याच्या गळ्यातच आहे. त्याने काही केलेलं नाही. मी बघतेय त्याच्याकडे —

मशीनचा हात वळला. आत. आपोआप. दादाच्या मानेकडे —

टेबल सरकतंय. मी दारातच आहे. दार उघडं. पाठ लावून —

मुखवटा सोडवायला आत जावं तर दार मिटेल, आणि नाही गेले तर —

दादा हात वर करतोय. त्रास झाला की हात वर करायचा, तसं शिकवलेलं असतं. आता गंमत नाही

लाल दिवा लागला. दार उघडं आहे. मी हलले नाही. दार उघडं आहे आणि तो आवाज चालू झालाय, दादा हात खाली घेत नाहीये, दादा, मी इथेच